नव्या स्कूटरविषयी, फोनवर न बोलता आलेलं

ती. बाबा आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर गाडीचा विषय काढला की बाबा, तुम्ही “बघू” म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून लिहितेय. पत्र आईकडे देता येईल, पण आधी वाचावं लागेल.

दिवाळीत घरी आले होते तेव्हा तुमच्या पेट्रोलच्या डायरीचे फोटो काढून आणले होते. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, सगळं निळ्या शाईत. आणि टायर बदलला त्या दिवशी लाल शाईत. रविवारी ते घेऊन बसले. महिन्याला साधारण ३०० किलोमीटर होतात. पोवई नाका, बँक, मंडई, आणि महिन्यातून एकदा सज्जनगड.

आता हिशोब. नवी पेट्रोलची गाडी ४५ चं ॲव्हरेज देईल असं धरलं तर साडेसहा-सात लिटर, १०४ च्या भावाने ७०० रुपये. माझ्या इलेक्ट्रिकची बॅटरी ३ युनिटची, पण भरताना मीटरवर साडेतीन पडतात, आणि ती मला ८५ किलोमीटर नेते. कंपनी सांगते त्याच्या पाऊणपटच धरायचं, हे मी ठेच लागून शिकले. म्हणजे तुम्हाला महिन्याला बारा-तेरा युनिट, फार तर दीडशे रुपये. वाचले साडेपाचशे. तुम्ही आणलेल्या दोन कोटेशनमध्ये २५ हजारांचा फरक आहे, तो भरून निघायला जवळजवळ चार वर्षं. मी रोज ३५ किलोमीटर हिंडते, माझे पैसे केव्हाच फिटले. तुमचं तसं नाही. तेव्हा “पेट्रोल वाचेल” म्हणून इलेक्ट्रिक घ्या असं मी म्हणणार नाही. शोरूमवाला म्हणेल, त्याला म्हणू दे.

मी घ्या म्हणतेय ते आपल्या फाटकामुळे.

त्या दिवशी तुम्ही गाडी मागे ओढत रस्त्यावर काढत होतात. उतार आतल्या बाजूला, चाक त्या फरशीच्या कडेला अडलेलं, आणि तुमचा उजवा खांदा. मी पुढे आले तर “हो बाजूला” म्हणालात. आई, तू खिडकीतून बघत होतीस, मला दिसलं. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना रिव्हर्स असतो. बटण दाबायचं, ॲक्सिलरेटरची मूठ अलगद पिळायची, गाडी चालायच्या वेगाने आपणहून मागे येते. वजनाला ती हलकी नाही, बहुतेक पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा थोडी जडच. पण बॅटरी बहुधा पायाखाली असते, त्यामुळे वजन खाली राहतं आणि वळताना झोकांडी जात नाही. चेतक किक मारण्याआधी तिरकी करायचात ना, तसले कष्ट तर नाहीतच. त्याच नावाची आता २०२० पासून विजेवरची मिळते, पत्र्याचीच आहे. तुमचा जीव तिच्यावर जाणार हे मला माहीत आहे, तरी आईला मागे बसवून बघितल्याशिवाय बुकिंग करू नका. तिच्या गुडघ्याला सीटची उंची झेपली पाहिजे.

आता तुमचे आक्षेप. आग लागते म्हणता. २०२२ च्या उन्हाळ्यात गाड्या पेटल्या, खरं आहे. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. तरीही उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, तासभर सावलीत निवू द्यायची. आणि ते पिवळं एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. पडवीत स्वतंत्र १५ अँपिअरचा पॉइंट, वेगळी एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), आणि अर्थिंग तपासून. आपलं घर जुनं, अर्थिंगची मला शंकाच आहे. हे काम गाडीच्या आधी. पुण्यात आमच्या सोसायटीने पार्किंगमधल्या एका सॉकेटसाठी मला सात महिने मीटिंगांत झुलवलं. तुमची स्वतःची पडवी आहे, तेवढी चैन वापरा.

वाटेत बंद पडेल म्हणता. माझी पडली आहे, तुम्हाला सांगितलं नव्हतं. मैत्रिणीला मागे घेऊन कात्रजचा घाट चढत होते, स्क्रीनवर २२ किलोमीटर दाखवत होती आणि चढावर तो आकडा पाण्यासारखा ओसरला. शेवटी वीसच्या वर वेग जाईना. एका टायरवाल्याने प्लग दिला, तासभर त्याच्या बाकड्यावर बसले. सज्जनगडचं जाऊन-येऊन ३० होईल, चढ धरूनही काळजी नाही, उतरताना थोडी बॅटरी परत भरतेसुद्धा. वाईला आत्याकडे मात्र जाऊन-येऊन ७०. तिथे चार्ज करायचं तर चार्जर सोबत नेता येणारा हवा. काही गाड्यांचा भिंतीलाच ठोकलेला असतो, हे आधी विचारा. नाहीतर एसटी आहेच.

तुम्ही न बोललेला आक्षेप मला ठाऊक आहे. रविवारी सकाळी गॅरेजवर स्पार्क प्लग साफ करायच्या निमित्ताने दीड तास बसता, चहा होतो. या गाडीला प्लग नाही, ऑइल बदलणं नाही, कार्ब्युरेटर नाही. मेकॅनिककाका ती उघडणारही नाहीत, बिघडली तर सर्व्हिस सेंटरच गाठावं लागेल. तिथे स्टूल नसतं, टोकन असतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. चहाला चालत जा.

आणि कोटेशनवर बॅटरीची वॉरंटी लेखी घ्या. तीन वर्षांची बहुतेक देतात, आठ वर्षांची मिळत असेल तर जास्तीचे पैसे भरून घ्या. ते पैसे मी देईन. नाही म्हणू नका.

२०१० ची गाडी आहे, पंधरा वर्षं भरली, पासिंग संपलंय. तशीच बाहेर काढू नका. येत्या शनिवारी मी सकाळच्या एसटीने येते. वायरमनला दुपारचं बोलावून ठेवा. आई, तुझ्या मापाचं हेल्मेट आणतेय, आंबाडा खाली बांधायची सवय कर.

तुमची,
चिमी