हिवतापाचा परजीवी ‘आत्महत्या’ करत नाही

महोदय,

आर्टेमिसिनिन या औषधामुळे हिवतापाचा परजीवी ‘आत्महत्या करतो’ असे सांगणारा लेख आपल्या अंकात वाचला. अवघड विषय सोपा केल्याबद्दल लेखकाचे आभार, पण या शब्दाला माझा आक्षेप आहे.

आपल्या पेशी ठरवून मरतात तेव्हा प्रामुख्याने कॅस्पेज ही विकरे ते काम करतात. हिवतापाच्या परजीवीकडे, म्हणजे प्लाझमोडियमकडे, ती नाहीत. तिथे घडते ते वेगळेच. परजीवी हिमोग्लोबिन पचवतो, त्यातून सुटलेल्या हीममधील लोह आर्टेमिसिनिनला सक्रिय करते आणि असंख्य प्रथिने एकदम बिघडतात. त्यांची विल्हेवाट लावणारा प्रोटिअसोम तुंबतो, ताण असह्य झाला की परजीवी मरतो.

मात्र तोवर तो बचावाचीही धडपड करतो. प्रथिननिर्मिती आवरून काही कोवळे परजीवी सुप्त होतात. आर्टेमिसिनिनचा प्रभाव काही तासांतच ओसरतो आणि त्यांतले काही पुन्हा वाढू लागतात. आर्टेमिसिनिनसोबतचे जोडऔषध आणि ३ दिवसांचा पूर्ण उपचार यांवर डॉक्टर भर देतात तो याचसाठी. ‘आत्महत्या’ वाचून एखादा रुग्ण ताप उतरताच गोळ्या थांबवील, ही मला खरी भीती वाटते.

– एक वाचक