रात्री वाचणार की दुपारी, असं विचारणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले असते तर 'अहो, त्यात काय' म्हणून तुम्ही पुढच्या वाचकाच्या कार्डाकडे वळला असतात. म्हणून हे उघड पत्र.

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला टोल्किन यांचं 'द हॉबिट' हे इंग्रजी साहसकथेचं पुस्तक हवं होतं आणि घरात आम्ही बिचकत होतो. चित्रपट बघून आलेल्या मावसभावानं त्यात मुंडकी कशी उडतात ते रंगवून सांगितलं होतं. वाचनालयाच्या बालविभागात तुम्ही आधी विचारलंत, "रात्री झोपताना वाचणार की दुपारी?" वय नंतर विचारलंत.

मग रेनर अन्विनची हकिकत सांगितलीत. १९३६ साली प्रकाशक स्टॅनली अन्विन यांनी टोल्किन यांचं हस्तलिखित आपल्या १० वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं, एक शिलिंग देऊन. त्यानं लिहून दिलं की नकाशे असतील तर चित्रांची गरज नाही आणि ५ ते ९ वर्षांच्या सगळ्या मुलांना हे आवडेल. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. "स्वतः दहाचा, त्याला नऊपर्यंतची सगळी लहानच वाटणार!" हा तुमचा शेरा. मला तर पाच फारच कमी वाटतं. आपल्याकडच्या मुलांना ते इंग्रजी एकट्यानं वाचायला दहा-अकरा तरी पूर्ण हवीत.

तुमच्या सूचना तंतोतंत उपयोगी पडल्या. बुटक्यांना भाजायचं की खिमा करायचा, यावर भांडणारे ट्रोल नावाचे राक्षस रात्री चालतील म्हणालात. लेक खदखदून हसली. पाचव्या प्रकरणातली, गॉलम हा गुहेतला विचित्र प्राणी कथानायक बिल्बोला घालतो ती कोडी मी मोठ्यानं वाचली. हरलास तर खाणार, अशी पैज असूनही ती प्रत्येक उत्तर बिल्बोच्या आधी द्यायला धडपडत होती. मर्कवुड जंगलातले कोळी मात्र दुपारीच उरकले, आणि तरी दोन दिवस माळ्याकडे बघणं चालू होतं.

सगळ्यात मोलाचं होतं ते शेवटाबद्दलचं. लढाई ऐन रंगात येते तेव्हा बिल्बोच्या डोक्यात धोंडा बसून तो बेशुद्ध पडतो, त्यामुळे रक्तपात फारसा दिसतच नाही. पण माणसं जातात, हे तुम्ही आधीच सांगितलंत. फिली आणि किली हे बुटके आपल्या मामाला, बुटक्यांचा म्होरक्या थोरिनला, वाचवताना पडले, हे लेखक एका वाक्यात सांगून मोकळा होतो. लेकीनं ते वाक्य परत वाचायला लावलं. थोरिन मरताना बिल्बोशी समेट करतो तिथे माझाच आवाज बसला.

आणि अर्कनस्टोन! युद्ध टळावं म्हणून बिल्बो थोरिनच्या घराण्याचा तो मौल्यवान खडा लपवून थेट विरोधी गोटात नेऊन देतो. "ही चोरी का?" असं ती विचारेल, लगेच उत्तर देऊ नका, असं तुम्ही बजावलं होतंत. तिनं विचारलंच. आमचं अजून ठरलेलं नाही. आजोबा चोरीच्या बाजूचे आहेत.

पुस्तकात बोलणारी एकही बाई नाही, हेही तुम्ही झाकलं नाहीत. लेकीनं त्यावर उपाय काढला: खेळताना ती स्वतःच थोरिन होते.

आता एक विनंती. ती शनिवारी टोल्किनचे पुढचे तीन खंड, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', मागायला येईल. आईनं बारा वर्षांची होईपर्यंत थांब म्हटलंय, हे ती तुम्हाला सांगणार नाही.

तुमची,
बालविभागातली एक आई