रविवारी ‘इल्मॅटिक’, वेळेवर या प्लीज

मंडळी, या रविवारी संध्याकाळी ६ वाजता नेरुळला नेहमीच्याच जागी बसतोय. ह्या वेळी अमेरिकन रॅपर नासचा अल्बम ‘इल्मॅटिक’, १९९४ चा, तेव्हा तो जेमतेम २० वर्षांचा होता हे लक्षात ठेवून ऐका. अल्बम साधारण ४० मिनिटांचाच आहे त्यामुळे आधी अख्खा सलग ऐकायचा, मोबाईल सायलेंट, मधे गप्पा नकोत, आणि तिसऱ्या ट्रॅकच्या शेवटी जो कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) हळूच येतो ना तो नासच्या वडिलांनी, ओलू दारांनी वाजवलाय, तिथे तर कुणीच बोलू नका, मला दरवेळी काटा येतो.

मग चहा, आणि त्यानंतर २०१४ ची डॉक्युमेंटरी, त्यात नास आणि त्याचा भाऊ स्वतः क्वीन्सब्रिजच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या ज्या वस्तीत ते वाढले तिथल्या, दिवसांबद्दल सांगतात. भाऊ जुन्या फोटोतली एकेक पोरं दाखवत कोण जेलमध्ये गेलं ते सांगतो, तेव्हा कळतं ते शब्द कुठून आलेत. खरंच, बनवणाऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर अल्बम वेगळाच वाटतो.

ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्स हार्बरचा मेगाब्लॉक बघून निघा. कोण कोण येतंय ते शुक्रवारपर्यंत इथेच टाका, खुर्च्या सांगायच्यात.