रेघ थरथरती हवी

मिरज
रविवार, दुपार

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर म्हणालास, "आई, माझा एचआरव्ही बावीसवर आलाय, टीममध्ये सगळ्यांचा साठच्या पुढे आहे." आणि लगेच, "जाऊ दे, तुला नाही कळणार," म्हणून विषय बदललास. बाबा शेजारी होते म्हणून मी गप्प बसले. पण मला कळतं, बाळा. तीस वर्षं मी लेबर रूममध्ये तेच बघत उभी होते. एचआरव्ही म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं त्याचा आकडा. आमच्याकडे त्याला व्हेरिएबिलिटी म्हणत आणि ती तुझ्यासारखी मनगटावरच्या घड्याळात दिसायची नाही, कागदावर उमटायची. तुझा आवाज त्या रात्री ओढलेला वाटला, तेव्हापासून मनातून जात नाही. बाबा जेवून आडवे झालेत, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू पुरतं ऐकून घेत नाहीस, पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

आधी तो कागद सांगते. कळा सुरू झालेल्या बाईच्या पोटावर दोन पट्टे बांधायचे. एकाखाली जेल लावलेली चकती, बाळाचे ठोके टिपणारी. दुसऱ्याखाली कळा मोजणारी. मशीनमधून कागद हळूहळू सरकत बाहेर येतो आणि त्यावर दोन रेघा उमटतात. नव्या मुली ड्यूटीवर आल्या की आधी आकडा बघायच्या. मिनिटाला १४० ठोके, म्हणजे ११० ते १६०च्या आत, म्हणजे छान! मी म्हणायचे, आकडा नंतर बघ गं, आधी रेघ बघ. ती करवतीच्या दात्यांसारखी बारीक खालीवर हवी. ५ ते २५ ठोक्यांच्या फरकाने थरथरत असली की समजायचं, बाळाला प्राणवायू पोचतोय, मेंदूचं आणि हृदयाचं बोलणं चालू आहे. तीच रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली की माझ्या पोटात गोळा यायचा, मग ठोके बरोबर १४० का असेनात.

एक रात्र अजून डोळ्यांपुढे आहे. पावसाचे दिवस, लाइट गेलेली, जनरेटरवर वॉर्ड. पहिलटकरीण, तुझ्या आत्ताच्या वयापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. रेघ सपाट यायला लागली. म्हणून लगेच आरडाओरडा करायचा नसतो, कारण पोटातलं बाळही झोपतं, आणि झोपलेल्या बाळाची रेघ चाळीसेक मिनिटं तरी शांत राहू शकते. आईला दुखण्याचं इंजेक्शन दिलं असेल तरी तसंच होतं. मी तिला डाव्या कुशीवर वळवलं, सलाइन चालू होतंच, तिचा हात धरून बसले. चाळीस मिनिटं गेली, रेघ तशीच. मग प्रत्येक कळ ओसरायला लागली की ठोके खाली जायला लागले. डॉक्टर मॅडमना उठवलं. त्यांनी कागद हातावर लांब करून एकदा पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "थिएटर लावा." बाळ बाहेर आलं तेव्हा गर्भातलं पाणी हिरवं होतं, म्हणजे बाळाने पोटातच शी केलेली, अंग लुळं. मास्कने हवा दिली. मिनिटभराने रडलं. तो रडका आवाज ऐकून त्या मुलीच्या सासूने माझे पाय धरले होते.

ठोक्यांची सरासरी चांगली दिसत असतानाच आतलं बिघडलेलं असतं आणि ते आधी ठोक्यांमधल्या अंतरात दिसतं, हे हॉन आणि ली या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं. तुझ्या मनगटावर जो आकडा रोज सकाळी येतो ना, त्याच्या घराण्यातले थोरले म्हणजे हे आमचे लेबर रूममधले कागद.

आता तुझं. नाडी ६० आहे म्हणजे दर सेकंदाला नेमका एक ठोका पडतो असं तुला वाटत असेल. तसं नसतं. एक ठोका ९४० मिलिसेकंदांनी पडतो, पुढचा १,०३०ने, त्याच्या पुढचा ९८५ने. निरोगी हृदय असंच चालतं. हृदयात एक छोटीशी गाठ असते, सायनस नोड. ती स्वतःच्या मर्जीवर सोडली तर मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देते. ज्यांच्यावर हृदयाचं प्रत्यारोपण झालंय त्यांची नाडी म्हणूनच बसल्या जागी नव्वद-शंभर असते, कारण नव्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, आणि तिच्यात चढउतार फार थोडे. आपलं हृदय साठ-सत्तरवर राहतं ते व्हेगस नावाच्या नसेमुळे. मेंदूपासून निघून ती मानेतून, छातीतून थेट पोटापर्यंत उतरते, आणि बैलाचा कासरा धरावा तसा हृदयाचा वेग धरून ठेवते. श्वास आत घेतला की कासरा जरा सैल, ठोके भराभर. श्वास सोडला की ओढ लागते, ठोके संथ.

आत्ता हे वाचताना करून बघ. डाव्या मनगटाला अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेव, दाबू नकोस, नुसती टेकव. शार्ङ्गधर संहितेत या जागच्या धमनीला जीवसाक्षिणी म्हटलंय, मला तो शब्द फार आवडतो. आता पाच मोजेपर्यंत श्वास घे, पाच मोजेपर्यंत सोड. सोडताना दोन ठोक्यांमधलं अंतर लांबलेलं बोटांना कळेल. कळलं? तोच तुझा एचआरव्ही. त्याला घड्याळ लागत नाही.

या नसेचं काम कसं चालतं ते ऑटो लोवी यांनी ऑस्ट्रियात बेडकांच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस त्यांनी विजेने चेतवली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं पाणी घेऊन दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर त्याला नस जोडलेली नसतानाही ते मंदावलं! म्हणजे नस काहीतरी रसायन सोडते. हा प्रयोग त्यांना झोपेत सुचला होता असं ते सांगत. १९२१ साली तो प्रसिद्ध झाला आणि १९३६ साली नोबेल मिळालं. नर्सिंगला असताना मी हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा होस्टेलच्या कॉटवर कितीतरी वेळ स्वतःचीच नाडी धरून बसले होते.

आता बाबांचं सांगते. तुला तेव्हा सगळं सांगितलं नव्हतं, तुझी फायनलची परीक्षा होती. त्या सकाळी ते मंडईतून पिशवी घेऊन आले आणि पायरीवरच बसले. घामाने शर्ट भिजलेला. म्हणाले, "पित्त झालंय, लिंबूसरबत दे." छातीत दुखतंय का विचारलं, तर नाही म्हणाले, आणि खरंच दुखत नव्हतं. मला त्यांचा रंग आवडला नाही म्हणून रिक्षात घातलं. ईसीजीत अटॅक निघाला. अठरा वर्षांच्या मधुमेहाने हृदयाकडे जाणाऱ्या बारीक नसा खाल्ल्या होत्या, दुखण्याची वर्दी द्यायला कोणी उरलंच नव्हतं.

पुढे बरे झाल्यावर फिजिशियननी एक साधी तपासणी केली. आडवं झोपवून, ईसीजी चालू ठेवून, मिनिटाला सहा खोल श्वास घ्यायला लावले. श्वास घेताना आणि सोडताना ठोक्यांत मिनिटाला १५ पेक्षा जास्त फरक पडला की ठीक, १०च्या खाली गेला की नसा बिघडल्या असं धरतात. वयानेही तो कमी होतोच. बाबांचा फरक ४ आला. मी शेजारी उभी होते. ती पट्टी बघितली आणि मला लेबर रूममधली ती पावसाळी रात्र आठवली. तशीच सरळ रेघ. इतकी वर्षं मी परक्यांच्या लेकरांच्या रेघा वाचत होते आणि घरातली रेघ कधी सपाट होत गेली ते मला दिसलं नाही. बसल्या बसल्या त्यांची नाडी ९६ असायची. मी म्हणायचे, चहा फार पितात म्हणून. हे मला अजून खुपतं.

ते पलंगावरून उठताना आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसतात, आणि मी तुला दर वेळी सांगते की बाबांना घाई करू नकोस, ते यासाठीच. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं, नसा लगेच हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना कळवतात, तोल सावरतो. त्यांच्यात तो निरोप पोचत नाही आणि बीपी पडतो.

अटॅकनंतर या चढउतारांना किती अर्थ असतो ते डॉक्टरांनीच मला सांगितलं. १९८७ साली क्लायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटॅक येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांची चोवीस तासांची नोंद तपासली. ज्यांचे चढउतार ५० मिलिसेकंदांपेक्षा कमी होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका १००च्या वर असणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त निघाला. पण निखिल, हा ५०चा आकडा तुझ्या बावीसशेजारी नेऊन ठेवू नकोस! ती चोवीस तासांच्या नोंदीवरची वेगळी मोजणी, तीही आजारी माणसांची. तुझं घड्याळ बहुधा रात्रीच्या झोपेत लागोपाठच्या ठोक्यांमधला फरक मोजतं. काही कंपन्या एक सूत्र वापरतात, काही दुसरं. त्यात घड्याळ विजेची लहर बघत नाही, हिरवा उजेड पाडून कातडीखालचं रक्त किती उसळतं ते बघतं. पट्टा सैल असला, हात हलला, की आकडा हलला. तुझ्या टीममधल्या साठवाल्याची आणि तुझी तुलना म्हणूनच करायची नाही. वय, अंगकाठी, व्यायाम, घराण्याचं देणं, सगळ्यांनी तो माणसागणिक वेगळा असतो. आणि आकडा मोठा म्हणजे चांगलाच असंही नाही. हृदयाचा ताल बिघडून ठोके वेडेवाकडे पडायला लागले तरी घड्याळ मोठा आकडा दाखवेल. तुझे स्वतःचे दोन महिन्यांचे आकडे एका ओळीत लाव आणि त्यातच बघ.

मी तुझं वेळापत्रक आठवून बघितलं. रात्री दीडपर्यंत अमेरिकेचा कॉल, मग दोन वाजता जेवण, तेही बाहेरून मागवलेलं, शनिवारी मित्रांबरोबर दारू (मला माहीत आहे, रागावले नाही), गेल्या महिन्यात ताप अंगावर काढलास. यातली प्रत्येक गोष्ट हा आकडा खाली ओढते. दारूचं तर घड्याळ त्याच रात्री सांगून टाकतं. अंगाला विश्रांती मिळाली नाही की कासरा धरणारा हात दमतो. तुझा आकडा तुला घाबरवायला आलेला नाही, तो त्या रात्रींचा हिशेब आहे. आणि तू रोज डोळे उघडल्या उघडल्या तो बघून धास्तावतोस, ते मला जास्त लागतंय. झोपलेल्या बाळाच्या रेघेला मी चाळीस मिनिटं थांबायचे. तू निदान तीन आठवडे थांब.

तोवर एक कर. कॉल संपल्यावर लगेच मोबाइल घेऊन आडवा होऊ नकोस. दहा मिनिटं बस, पाच मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. सहाच का? रक्तदाबाची स्वतःची एक दहा सेकंदांची लाट असते, श्वास तिच्याशी जुळला की ठोक्यांची ये-जा सगळ्यात मोठी होते. २००१ साली इटलीतल्या बर्नार्डी या डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. ते वाचल्यावर मी तुझ्या आजीची माळ काढली. त्या एका श्वासात 'श्रीराम जय राम जय जय राम' दोनदा म्हणायच्या. तसं म्हणून मी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मोजलं, सहा श्वास आले. आजी गेल्या तेव्हा ८८ वर्षांच्या होत्या. माळेमुळे एवढ्या जगल्या असं मी म्हणणार नाही, पण संध्याकाळी त्यांच्याजवळ बसलं की आपलंही धपापणं उतरायचं, हे तूही लहानपणी अनुभवलंयस. तुला जप नको असेल तर नुसते आकडे मोज. पहिल्या दोन-तीन दिवसांत चक्कर आल्यासारखं वाटलं तर श्वास फार खोल घेतोयस, हलका घे.

आणि छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, जिना चढताना दम, यातलं काही झालं तर घड्याळात काय आहे ते न बघता डॉक्टरकडे जायचं. आकडा शंभर असला तरी जायचं. हे मी आई म्हणून कमी आणि सिस्टर म्हणून जास्त सांगते आहे.

तू पोटात असताना आठवा महिना लागेपर्यंत मी ड्यूटी केली. एका दुपारी वॉर्ड रिकामा होता, मॅडम म्हणाल्या, "चला सिस्टर, आज तुमचा कागद काढू." वीस मिनिटं मी उशीला टेकून तुझी रेघ बघत होते. काय नाचत होतास! तो कागद माझ्या ट्रंकेत आहे, उष्णतेने उमटलेली शाई आता जवळजवळ उडून गेलीय, उजेडात तिरका धरला तर थोडी दिसते. संक्रांतीला येशील तेव्हा दाखवते.

बाबा उठले वाटतं. पाय खाली सोडून बसलेत, मला हाक येईल आता. थांबते.

तुझी,
आई

ता. क. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, दोन्ही या आठवड्यात करून घे. बाबांना मधुमेहाचं निदान झालं तेव्हा ते तुझ्याच वयाचे होते. रिपोर्टचा फोटो मला पाठव, एचआरव्हीचा नको.