वाचवलेल्या विजेचे पैसे कॉलेजकडेच राहू द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

दरवर्षी १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन येतो. कॉलेजांत पोस्टर लागतात, रांगोळ्या निघतात, शपथ होते. शपथ संपवून मुलं बाहेर पडतात आणि मागे पंखे तसेच फिरत राहतात. मुलं बेफिकीर आहेत, असं मला वाटत नाही. त्या पंख्यांचं बिल वर्गात कोणालाच दिसत नाही, एवढंच.

घरी ते दिसतं. मुंबईत कोणाचं मीटर बेस्टचं, कोणाचं अदानी किंवा टाटाचं, मुलुंड-भांडुपला महावितरणचं, पण मे महिन्याचं बिल पाहून "एवढं कसं आलं?" हा प्रश्न सगळीकडे सारखाच. ३०० युनिटांच्या वर गेलं की पुढचं युनिट महाग पडतं, हे घर चालवणाऱ्याला शिकवावं लागत नाही. वाचतं ते युनिट सर्वांत वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. आमच्या इमारतीत लोक बीएलडीसी पंखे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे, लावू लागले ते या हिशेबाने. पृथ्वी वाचवायची गोष्ट कोणी काढली नव्हती.

मी मुंबईतल्या एका सरकारी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एका कॉलेजचा नव्हे. तिथल्या जुन्या वर्गांत दारापाशी एक लाकडी बोर्ड असे. सहा पंख्यांना मिळून दोन बटणं. चार मुलं पुढच्या बाकांवर बसली तरी मागच्या रिकाम्या बाकांना वारा मिळायचाच. ट्यूबलाइटची प्रत्येक ओळ खिडकीकडून आतल्या भिंतीकडे गेलेली, एका ओळीला एक बटण. खिडकीशी लख्ख उजेड असला तरी तिथली ट्यूब एकटी बंद होत नसे. भिंतीकडची मुलं अंधारात जात. हे वायरिंग बदलायचं तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडून अंदाजपत्रक, मग मंजुरी, मग निधी. तोवर मुलं पदवी घेऊन निघून जातात.

आता पंख्याचंच बघा. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज ८ तास आणि वर्षाचे २२० दिवस धरले तर एका पंख्यामागे जवळपास ८० युनिटं वाचतात. युनिटला १० रुपये धरा, म्हणजे वर्षाला ८०० रुपये. पंखा अडीच-तीन हजारांचा, म्हणजे चार वर्षांच्या आत पैसे वसूल. वसतिगृहात पंखा जास्त तास चालतो, तिथे त्याहून लवकर. यात कसलंही संशोधन नाही, अकरावीचं गणित आहे.

मग होत का नाही? कारण सरकारी कॉलेजात विजेचं बिल एका लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या एका खात्यातून, जातं आणि पंखा दुसऱ्यातून येतो. प्राचार्यांनी खटपट करून बिल कमी केलं, तर उरलेली रक्कम ३१ मार्चला परत जाते आणि पुढच्या वर्षी तरतुदीला कात्री लागण्याची धास्ती असते. काटकसर करणाऱ्यालाच भुर्दंड! खरेदीतही सर्वांत कमी किमतीची निविदा पास होते. तो पंखा पुढची दहा वर्षं किती वीज खाणार, हे तुलनेच्या तक्त्यात कुठेच नसतं. पंख्यांवर स्टार लेबल २०२३ पासून सक्तीचं आहे, म्हणजे माहिती खोक्यावर छापलेली असते. ती वाचायची सोय आपल्या नियमांत नाही.

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की एनर्जी ऑडिट, म्हणजे वीजवापराची तपासणी, होते. अहवाल बरे असतात, मी वाचलेत. त्यांची जागा मात्र कपाटात. छतावर सौर पॅनेल लावायला सगळे उत्सुक, कारण उद्घाटनाचा फोटो येतो. चोक बदलल्याचा फोटो कोण छापणार?

एसीबद्दल थोडंच. १ जानेवारी २०२० पासून नवे स्टार लेबलवाले एसी २४ अंशांवर सुरू होतील असेच बनवावे लागतात. तरी संगणक प्रयोगशाळांत रिमोटवर १८ दिसतं आणि मुंबईच्या उकाड्यात मुलं जॅकेट घालून बसतात. इथे एक सूचनापत्रक पुरे.

माझी मागणी पैशांची नाही. कॉलेजने मागच्या वर्षांच्या तुलनेत जेवढं बिल वाचवलं, त्यातला निदान अर्धा भाग त्याच कॉलेजला दुरुस्ती आणि उपकरणांसाठी वापरू द्या, आणि तो ३१ मार्चला परत जाऊ देऊ नका. वित्त विभाग कुरकुर करेल. त्यांची समजूत आपणच घालू शकता. निविदेत किमतीबरोबर आयुष्यभराच्या विजेचा खर्च मोजायला लावा. आणि दर महिन्याचं बिल सूचना फलकावर लावायचा आदेश काढा, परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी. या शेवटच्या गोष्टीला तर दमडीही लागत नाही.

सगळ्या राज्यात एकदम नको. येत्या आर्थिक वर्षात मुंबईतल्या दोन-तीन सरकारी कॉलेजांत करून बघा. ऑडिटचे जुने अहवाल उघडून बिलांशी ताडून बघायला माणूस हवा असेल तर मी येईन, मानधन नको.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, मुंबई