पडवीतला मिणमिणता दिवा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की पडवीत नवा एलईडी बल्ब लावल्यापासून तो बटण बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणत राहतो. तेव्हापासून मला चैन नाही, कारण दिवाळीत तिथला बल्ब काढून मी होल्डरला टेस्टर लावला होता, तेव्हा बटण बंद असूनही तो पेटला होता आणि निघण्याच्या घाईत ते काम तसेच राहून गेले.

माझा तर्क असा आहे, की तिथल्या बटणात फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीऐवजी, न्यूट्रलची म्हणजे परतीची वायर जोडलेली आहे. बटण बंद केले की दिवा विझतो खरा, पण फेज सरळ होल्डरपर्यंत पोहोचलेला असल्यामुळे तिथे 230 व्होल्टचा दाब अष्टौप्रहर असतो. जुना पिवळा बल्ब होता तोवर हे कळले नाही, कारण वायरींमधून पाझरणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहाने त्याची तार तापत नसे. एलईडीला मात्र तेवढाही पुरतो. बटणात इंडिकेटर असला तरी एलईडी असा मिणमिणतो, पण आपले ते बटण जुने, साधे काळे आहे.

तुम्ही फक्त बटण बंद करून स्टुलावर चढता आणि बल्ब बदलता, याची मला फार धास्ती वाटते. पावसाळ्यात पडवीतली फरशी ओली असते आणि होल्डरच्या पिना बोटाच्या अगदी जवळ असतात. एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप बंद होणारा बोर्डातला स्विच, पडेल, असे तुम्ही म्हणाल. पण तो 6 अँपिअरच्या वर प्रवाह गेला तरच पडतो, आणि माणसाचा जीव जायला अँपिअरचा दहावा हिस्साही पुरेसा असतो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, जो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत फरक पडताच वीज तोडतो. तो आपल्या घरात नाही. या खेपेस बसवूनच घ्यावा.

कृपया बोर्ड स्वतः उघडू नका. परवानाधारक वायरमनला बोलवा आणि त्याला मेन स्विच बंद करूनच काम करायला सांगा. दोष एकट्या पडवीच्या बटणात आहे की त्या बाजूला येणाऱ्या वायरीच उलट जोडल्या आहेत, हे त्याने आधी पाहावे. तिथल्या प्लगकडे समोरून पाहिले असता टेस्टर उजव्या भोकात पेटायला हवा. डाव्या भोकात पेटला, तर त्या बाजूची सगळीच बटणे तपासावी लागतील.

आई, स्वयंपाकघरातल्या ज्या प्लगचे भोक तपकिरी पडले आहे, तो 6 अँपिअरचा आहे. तिथे 1500 वॉटची किटली लावू नकोस.

मजुरीचे पैसे मी पाठवते. काम झाल्यावर पडवीचे बटण बंद ठेवून वायरमनला होल्डरला टेस्टर लावायला सांगा, आणि तो पेटला नाही हे डोळ्यांनी पाहिल्यावर मला लगेच फोन करा.

तुमची,
मनू