डोंगरातल्या पायवाटांची यादी करा, नुसते बंदीचे बोर्ड पुरे झाले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत उन्हाळी सुट्टीतल्या युरोप टूरवर लेख आला होता तो वाचला, माहिती चांगली होती पण फ्रान्स म्हटलं की आयफेल टॉवर, सीन नदीतली बोट आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वित्झर्लंडची बस, एवढ्यावरच तो देश आटोपलाय. मुलगा-सून नोकरीमुळे तुलूझला असतात म्हणून आम्हा दोघांना तिकडचा खेड्यातला भाग निवांत बघायला मिळाला, आणि तिथे जे पाहिलं ते आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या डोंगरांसाठी इतकं उपयोगाचं आहे की लिहिल्याशिवाय राहवेना. पत्र लांबलंय, जमेल तेवढं छापा.

गावाचं नाव सँ-सिर्क-लापोपी. तुलूझहून ट्रेनने काओर, तिथून फिझाककडे जाणारी बस, ती लॉट नदीच्या काठाकाठाने जाते आणि खाली तूर-द-फोरला उतरवते, मग पूल ओलांडून चढ चढायचा. (पॅरिसहून थेट यायचं तर काओरपर्यंत ट्रेनला पाचेक तास धरा.) नदीपासून साधारण शंभर मीटर उंच कड्यावर हे गाव बसलंय, दगडी घरं, तपकिरी कौलांची तीव्र उतरती छपरं, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कोणी आलं तर अंग चोरून उभं राहायचं. कायम राहणारी माणसं दोनशेच्या आसपास आणि बघायला येणारे वर्षाला लाखोंनी, तरी गावात गाड्यांचा आवाज नाही, कारण पर्यटकाने गाडी गावाबाहेरच्या पार्किंगला पैसे भरून लावायची आणि चालत यायचं, म्हातारे असोत नाहीतर लेकुरवाळ्या. पूर्वी इथे कातारी लोक होते, लाकूड कातून दारूच्या पिंपांच्या तोट्या बनवायचे, त्यांची दुकानं असलेली गल्ली अजून तशीच आहे. २०१२ साली फ्रेंच टीव्हीच्या प्रेक्षकांनी हे गाव सगळ्यात आवडतं म्हणून निवडलं होतं.

गावाच्या डोक्यावर किल्ला होता, आता पडक्या भिंती उरल्यात. १५८० साली आंरी द नाव्हारने, म्हणजे जो पुढे चौथा आंरी म्हणून फ्रान्सचा राजा झाला त्याने, तो पाडायला लावला. आमचे हे लगेच म्हणाले, १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा आणि पायऱ्या उडवल्या तसंच की हे. त्या पडक्या भिंतींपाशी ना स्टॉल ना कारंजं, उभं राहायचं आणि खाली नदीचं वळण, पलीकडची शेतं, पॉप्लरच्या झाडांच्या रांगा बघायच्या.

पण मला सगळ्यात आवडली ती बुझिएस गावापासून सँ-सिर्कपर्यंतची नदीकाठची वाट. चार-पाच किलोमीटर असेल, बराचसा भाग सपाट, माझे गुडघे कुरकुरतात तरी आरामात झाली, फक्त शेवटी गावाकडे चढ आहे. एकोणिसाव्या शतकात मालाच्या नावा दोराने ओढून नेत असत, ओढणाऱ्याला काठाने चालायला वाट लागते, आणि इथे तर कडा थेट पाण्यात उतरलाय, मग त्यांनी कडाच पोखरून वाट काढली. एका हाताला दगडाची भिंत, डोक्यावर दगडाचंच छत, दुसऱ्या हाताला हिरवं संथ पाणी. भिंतीवर डानिएल मोनिए नावाच्या शिल्पकाराने १९८० च्या दशकात मासे, शिंपले, पाण्याचे भोवरे कोरलेत, लांबच लांब पट्टा आहे, खडकातूनच नदी वर आल्यासारखं वाटतं. आम्ही तिथे किती वेळ उभे होतो, बाजूने कनूवाले (कनू म्हणजे वल्ह्याची छोटी होडी) वल्ही मारत चालले होते, कनू तिथेच आसपासच्या गावांत भाड्याने मिळतात आणि जास्त दिवस असतील तर हाऊसबोटही मिळते, ती चालवायला पर्यटकाला लायसन्स लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ही वाट जीआर ३६ या लांब पल्ल्याच्या पायवाटेचा भाग आहे. अशा वाटेवर झाडाच्या बुंध्यावर, खडकावर, विजेच्या खांबावर रंगाचे दोन आडवे पट्टे मारलेले असतात, वर पांढरा आणि खाली लाल. वळायचं असेल तिथे पट्ट्याखाली बाण, आणि चुकीच्या फाट्यावर त्याच दोन रंगांची फुली. छोट्या, त्याच गावात परत आणणाऱ्या वाटांना पिवळा पट्टा. संपलं. ना मोठे बोर्ड, ना उद्घाटनाच्या पाट्या, ना कोणाचे फोटो. मला फ्रेंचचा एक शब्द येत नाही पण मी पट्टे बघत एकटी पुढे गेले आणि बरोबर पोचले. हे पट्टे मारतात ट्रेकिंग फेडरेशनचे स्वयंसेवक, ट्रेनिंग घेऊन, हातात ब्रश आणि डबा, आणि अशा खुणा केलेल्या वाटा देशभर दीड लाख किलोमीटरच्या वर आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे १९८३ चा एक कायदा आहे, त्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याने चालण्याच्या वाटांची यादी करायची, आणि यादीतली गाववाट कोणाला विकायची असेल तर तिच्या बदल्यात दुसरी वाट द्यायची, साखळी तुटता कामा नये. हे मुलाने सांगितलं तेव्हा मला आपला डोंगर डोळ्यासमोर आला.

तिथून जवळच पेश मेर्लची गुहा आहे, नियम लावून जागा कशी जपतात त्याचं उदाहरण म्हणून तीही सांगते. १९२२ मध्ये गावातल्या दोन पोरांना ती आतून सापडली, भिंतीवर ठिपक्यांचे घोडे आणि आजूबाजूला माणसाच्या पंजाचे ठसे, वय साधारण २९ हजार वर्षं. फ्रान्समधलीच लास्को ही चित्रांची दुसरी प्रसिद्ध गुहा १९६३ ला पब्लिकसाठी बंद करावी लागली, लोकांच्या श्वासानेच चित्रं खराब व्हायला लागली होती, पण पेश मेर्लची खरी गुहा अजून बघता येते कारण दिवसाला सातशे माणसंच आत सोडतात, गाईडबरोबर, फोटोला मनाई. बुकिंग आधीच करा नाहीतर सीझनमध्ये परत फिरावं लागेल, आणि स्वेटर घ्या, आत बारा-तेरा डिग्री असतं. कवी आंद्रे ब्रतों, सररिअ‍ॅलिझमवाला, म्हणजे स्वप्नातल्यासारख्या कलेच्या चळवळीचा म्होरक्या, सँ-सिर्कमध्ये घर घेऊन उन्हाळ्यात राहायचा, त्याने १९५२ साली चित्र खरंच जुनं आहे का म्हणून बोट घासून बघितलं, तर एवढ्या मोठ्या माणसावर केस झाली आणि कोर्टाने दंड ठोठावला. आपल्याकडे बुरुजावर बदाम काढून नावं कोरणाऱ्याला कोणी अडवत तरी का?

शाकाहारी लोकांसाठी जाता जाता: हा बदकाच्या मांसाचा मुलूख आहे, घाबरू नका, रोकामादूरचं बकरीचं छोटं चपटं चीज गरम करून अक्रोडाबरोबर सॅलडवर देतात, पोट भरतं. आणि एक रात्र तरी मुक्काम करा, त्या पठारावर दिव्यांचा उजेड इतका कमी की आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. नोव्हेंबर ते ईस्टर मात्र बरीचशी दुकानं बंद असतात, मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम.

आता आपलं बघा. मी खारघरला राहते, आमचा बायकांचा ग्रुप सकाळी डोंगरावर चालायला जातो, वर चाफेवाडी आणि फणसवाडी हे आदिवासी पाडे आहेत, पावसाळ्यात पठारावर गवतफुलं असतात. दरवर्षी जून आला की पांडवकड्याच्या धबधब्यावर जायला बंदी, बोर्ड लागतो, पोलीस उभे राहतात, आणि पोरं दुसऱ्या बाजूने घुसतात. मग एखादा वाहून गेल्याची बातमी येते. बंदी चुकीची आहे असं मी म्हणत नाही, तो ओढा कधी फुगेल सांगता येत नाही. पण सुरक्षित वाट कोणती, कोणती वाट कड्याच्या धारेवर नेते, हे सांगणारी एक खूण अख्ख्या डोंगरावर नाही. कुठे जायचं नाही एवढंच सांगितलं आणि कुठे जायचं ते सांगितलंच नाही, तर पोरं काय करणार?

येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, बिबट्याचं घर आहे, तिथले नियम तसेच राहू देत. पण बाकीचं? पारसिकचा डोंगर खाणींनी पोखरला, तिथल्या जुन्या वाटा गेल्या त्या गेल्या. बेलापूरचा किल्ला टॉवरांच्या मधे सापडलाय, नवी मुंबईत जन्मलेल्या कित्येक मुलांना तो माहीतच नाही. घोडबंदर किल्ला १७३७ ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, आज त्या रस्त्याने रोज हजारो लोक ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि किल्ला कुठे आहे विचारलं तर मोबाईल काढतात.

माझी मागणी साधी आहे आणि मी ती मनापासून करतेय. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांनी आपल्या डोंगरातल्या, खाडीकाठच्या, किल्ल्यांच्या पायवाटांची यादी करावी, सात-बारा आणि जुने नकाशे बघून, पाड्यांवरच्या लोकांना विचारून. यादीतली वाट कुठल्याही प्रोजेक्टमध्ये गेली तर बदली वाट आधी, काम नंतर. खुणा रंगाच्याच असू देत, काँक्रीटचे कट्टे आणि पेव्हर ब्लॉक नकोत. गाड्या पायथ्याला, त्याचे पैसे घ्या आणि त्यातला वाटा पाड्यांना द्या, रविवारी वाट दाखवायला तिथलीच मुलं घ्या, त्यांना प्रत्येक ओढा पाठ आहे. पावसाळ्यात कुठल्या वाटा बंद ते त्यांच्याच सल्ल्याने ठरवा.

रंग आणि ब्रशचा खर्च आमचा ग्रुप करेल, आम्ही तयार आहोत, चालणारे तरुणही हवे तेवढे मिळतील. पण परवानगी कोणाकडे मागायची हेच कळत नाही, एका खात्यात गेलं की ते दुसऱ्याकडे बोट दाखवतात. खारघरच्या डोंगराचा कुठला भाग कोणाच्या ताब्यात आहे आणि अर्ज नेमका कोणाच्या टेबलावर द्यायचा, एवढं तुमच्या वार्ताहराने शोधून छापावं ही विनंती.

आपली नियमित वाचक,
खारघर, नवी मुंबई